कंपनीची नोंदणी झाली, पण काढणीच्या आठवड्यात काय करायचं?

विष्णुपुरी : प्रकल्पाचं पाणी मिळालं तिथं ऊस, केळी, हळद उभी राहिली, बाकी शिवाराचा भरवसा आजही सोयाबीनवरच आहे. याच जोरावर नांदेड-लातूर पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या. नोंदणीला दहा शेतकरी पुरतात. केंद्राच्या २०२० च्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे. त्यातून पगार, ऑफिसभाडं निघतं. धंदा कसा चालवायचा ते मात्र संचालकांनाच ठरवावं लागतं, अन् घोडं तिथंच अडतं.

काढणीच्या आठवड्यात मजुरी, मळणी, खताची उधारी सगळं एकदम अंगावर येतं. आडत्या रोख देतो, अडीनडीला उचलही देतो. कंपनी म्हणते, माल विकल्यावर पैसे देऊ. मग शेअर घेतलेला सभासदसुद्धा आडतीवरच माल टाकतो. त्याला दोष कसा द्यायचा?

यावर वाट आहे, पण तिचा वापर कमी होतो. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. हे कर्ज शेतकऱ्याच्या नावावर असतं, व्यापाऱ्याला मिळत नाही. कंपनीनं वाहतूक, चाळणी अन् कागदपत्रं सांभाळली तरी सभासदाच्या हातात तातडीचा पैसा येतो.

दुसरा मुद्दा ओलाव्याचा. हमीभाव खरेदीला १२ टक्क्यांची अट. १६ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ वर वाळवला की साडेचार किलोची घट येते. तरी २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं उरलेल्या साडेपंच्याण्णव किलोचे ५,०८५ च्या आसपास होतात. आडतीवर ओल्या मालाला काय दर मिळतो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे कंपनीची पहिली खरेदी ओलावा मोजायचं यंत्र, ताडपत्र्या अन् वाळवणीचं पक्कं खळं ही असावी. ट्रॅक्टर-अवजार बँकेचा मोह नंतर. अनुदान दिसलं की आधी अवजारं येतात, अन् दोन हंगामांत शेडमध्ये गंजत पडतात.

तिसरं, वजनकाट्यावर कोण बसणार? संचालकाचा भाऊबंद बसला की कुजबुज सुरू होते. पगारी माणूस ठेवावा, पावती जागेवर द्यावी, घट किती धरली ते पावतीवरच लिहावं.

हे ठरवायला मे महिन्याची सभा बरी. दसऱ्यानंतर संचालक स्वतःच मळणीच्या मागे असतात.