मुक्तद्वाराचे भाडे

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे दर ऑगस्टमध्ये प्रायोगिक नाट्य, नृत्य व संगीत यांचा ‘फ्रिंज’ महोत्सव भरतो. येथे निवड समिती नाही. ज्याला जागा मिळेल त्याने आपला प्रयोग करावा, असे अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान आता पोकळ झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरंभ मात्र थोर होता. महायुद्धाने होरपळलेल्या युरोपात १९४७ साली एडिंबराने आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविला, तेव्हा आठ नाट्यसंस्था आमंत्रणाविना येऊन दाखल झाल्या. त्या आठांतील एक प्रयोग शहराबाहेर, डनफर्मलिनच्या प्राचीन ॲबेत झाला. नाटक होते ‘एव्हरीमन’ हे मध्ययुगीन नीतिनाट्य. मृत्यूचे बोलावणे येताच मनुष्याला मित्र, आप्त आणि धन सोडून जातात; कबरीपर्यंत सोबत करते ते केवळ सत्कृत्य. ज्या महोत्सवाच्या पाळण्याशी धनाची ही निरर्थकता गायिली गेली, तेथे आज धनावाचून पाऊल टाकता येत नाही, हा केवढा दैवदुर्विलास!

२०१९ साली येथे ३,८०० हून अधिक कार्यक्रम झाले. आकडा डोळे दिपविणारा आहे. पण नोंदणीशुल्क, सभागृहाचे भाडे आणि ऑगस्टमध्ये कडाडणारे घरभाडे यांपायी किती होतकरू कलावंत घरीच राहिले, याची गणती त्या आकड्यात नसते. निवड समिती निदान संहिता तरी वाचते. भाडे काहीच वाचत नाही.

‘ज्याच्यात दम आहे तो तरेल,’ असे कोणी म्हणेल. प्रेक्षकांनी नाटक पाहून नाकारले तर तो न्याय होईल. परंतु पडदा उघडण्यापूर्वीच खिसा पाहून नाकारणे हा न्याय कसा?

सभागृहाच्या मालकांना दुसरा मार्ग अज्ञात नाही. १९४८ साली चर्च ऑफ स्कॉटलंडचे अधिवेशन-सभागृह मुख्य महोत्सवातील एका नाटकासाठी खुले झाले. ते नाटक होते सर डेव्हिड लिंडसे यांचे, धर्माधिकाऱ्यांच्या लोभावर कोरडे ओढणारे! आपल्याला बोचणाऱ्या शब्दाला जे छप्पर देऊ शकले, त्यांना निर्धनाला छप्पर देणे अवघड का वाटावे? त्या नगरीतील अनेक चर्च-सभागृहे आजही फ्रिंजची रंगमंदिरे होतात. त्यांनी तरी दिवसातील एक प्रहर विनाभाडे राखून ठेवावा.

शुभवर्तमानातील यजमानाने रस्त्यांवरून, गल्लीबोळांतून गोरगरिबांना मेजवानीस आणविले. त्याने दारात शुल्काची पेटी ठेवली नव्हती.