सैनिकाची सुरी आणि खंडेनवमीची पूजा

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे खड्ग. आणि खड्गाच्या नावाचा हा दिवस घरोघर शस्त्रपूजेचा मानला जातो. परंतु मंठा तालुक्यातील एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या घरी या दिवशी पाटावर काय मांडलेले असते हे पाहिले, तर त्यात खड्ग क्वचितच आढळेल. तेथे विळा असतो, खुरपे असते, कोयता आणि कुऱ्हाड असते. स्वयंपाकघरातील विळी धुऊन-पुसून आणलेली असते. सुताराच्या घरी पटाशी, शिंप्याच्या घरी कात्री. त्यांस हळदकुंकू वाहावे, झेंडूचे फूल ठेवावे आणि वर्षभर राबलेल्या पात्यांस हात जोडावेत, अशी ही रीत. सोयाबीनची काढणी नि कापसाची वेचणी तोंडावर आलेली असते, आणि ज्यांच्या जोरावर घर चालायचे त्या अवजारांस कृतज्ञतेने वंदन केले जाते.

ज्या घरातील कोणी सैन्यात नोकरी केली, त्या घराच्या ट्रंकेत आणखी एक पाते असण्याचा संभव आहे. एखादा घडीचा चाकू, एखादी खुकरी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे इंग्रजी अमदानीतील मराठा पलटणींची भरती मुख्यत्वे कोकण व देश या भागांतून झाली. तरी आमचे जालना हे निजामाच्या कंटिंजंट फौजेचे जुने ठाणे होते, आणि आज तर मराठवाड्यातील तरुण सैन्यभरतीसाठी पहाटे उठून धावण्याचा सराव करताना दिसतात. सैनिकाच्या या सुरीस नवमीच्या पाटावर स्थान द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणत्या भावनेने, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

युद्धातील सुरी म्हटले की रक्ताने माखलेले पाते डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती पुष्कळशी निराळी आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांत शिपायास सरकारी सामानात जो घडीचा चाकू मिळे, त्यास एक पाते आणि दोरखंडाच्या गाठी सोडविण्यासाठी अणकुचीदार सळई असे. पुढे त्यात डबा उघडण्याचे पातेही आले. पाव कापणे, पट्टा दुरुस्त करणे, तंबूची दोरी तोडणे, जखमी सोबत्याच्या अंगावरचा कपडा फाडून जखम मोकळी करणे, अशीच कामे त्याच्या वाट्यास येत. संगिनीचेही तसेच. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचे पाते १७ इंच लांब होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात बनलेल्या संगिनींचे पाते सुमारे १२ इंचांवर आणण्यात आले. इंग्लंडमध्ये तर काटकसरीपायी आठ इंचांचा निव्वळ खिळाच रायफलीच्या टोकास बसविला गेला. त्या खिळ्याने भोसकता येई, पण भाकरीचा तुकडा कापता येत नसे की लाकूड तासता येत नसे. शिपायांस तो कधीच रुचला नाही. जे पाते केवळ मारण्याच्याच कामाचे, ते बाळगणे शिपायासही जड वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

केवळ मारण्यासाठी घडविलेली सुरीही त्या युद्धात होती. शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स या दोन अधिकाऱ्यांनी १९४० मध्ये ती आखली, आणि ती प्रामुख्याने कमांडो तुकड्यांच्या हाती गेली. पण जगात ज्या सैनिकी सुरीचा सर्वाधिक दबदबा झाला, ती गुरख्यांची खुकरी मात्र मुळात घरातील अवजार आहे. नेपाळच्या डोंगराळ खेड्यांत तिने लाकूड फोडतात, गवत कापतात, भाजी चिरतात. तिच्या म्यानात दोन लहान पाती असतात. एक बारीकसारीक कापण्यासाठी, दुसरे बोथट, धार लावण्यासाठी. म्यानाबाहेर काढलेली खुकरी रक्त प्याल्यावाचून परत जात नाही, ही समजूत निव्वळ दंतकथा आहे; तसे असते तर नेपाळी गृहिणीस भाजी चिरणेही अशक्य झाले असते. आपल्या दसऱ्याच्या दिवसांतच नेपाळात दशैं साजरे होते आणि तेथेही हत्यारांची पूजा होते. मंठ्याचा विळा आणि नेपाळची खुकरी एकाच नवरात्रात एकाच भावाने पुजली जातात.

शौर्य पात्यात नसते, याची साक्ष आपल्याच मराठा पलटणीने दिली आहे. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातील तरुण. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सारे सोबती मृत वा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, गोळी झाडली, आणि गोळ्या भरण्यास अवधी उरला नाही तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्याच दस्त्याने ते लढले. तेथेच त्यांस वीरमरण आले. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी आरंभ केला तो दोघा जखमी सोबत्यांस खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणण्याने. शत्रूची ठाणी त्यांनी त्यानंतर एकट्याने मोडली. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शस्त्र कोणते होते याहून ते कोणासाठी उचलले गेले, हेच या दोन्ही कथांत मोठे आहे.

हा भेद आपल्या धर्मग्रंथांनी फार पूर्वी सांगून ठेवला आहे. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात एक प्रसंग येतो. प्रभू रामचंद्र शस्त्रे घेऊन दंडकारण्यात शिरत असता सीतामाई त्यांस थांबवून एक जुनी कथा सांगते. एका तपस्व्याकडे इंद्र योद्ध्याच्या वेषाने आला आणि आपले खड्ग ठेव म्हणून सोपवून गेला. ठेव हरवू नये म्हणून तो तपस्वी कंदमुळे आणावयास जातानाही ते खड्ग सोबत नेऊ लागला. नित्य सहवासाने त्याचे मन हळूहळू क्रूर झाले, तप सुटले आणि अखेरीस तो नरकास गेला. वैर नसताना क्रौर्य करणे हा मोठा दोष आहे, आणि शस्त्र जवळ असले की तो दोष जवळ येतो, असे जानकीचे म्हणणे. रामचंद्रांनी तिचे बोल धुडकावले नाहीत. त्यांत त्यांनी आपल्याविषयीचा स्नेह पाहिला. त्यांचे उत्तर इतकेच, की पीडित ऋषींनी आपणांस शरण येऊन रक्षण मागितले आहे, आपण वचन दिले आहे, आणि कोणाचा आर्त स्वर उमटू नये यासाठीच क्षत्रियाने धनुष्य धरावयाचे असते.

परंपरेने हे दंडकारण्य आपल्याच गोदाकाठच्या प्रदेशाशी जोडले आहे, आणि रामोपासक समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्या जालना जिल्ह्यातच आहे. तेव्हा या संवादाचा वारसा आपल्याकडे आधी येतो. सैनिकाची सुरी पूज्य ठरते ती रामाच्या उत्तरामुळे. आणि तिची पूजा सावधपणे करावयाची ती सीतेच्या इशाऱ्यामुळे. या दोहोंपैकी एक विसरले तरी पूजा अपुरी राहते.

हे लिहिण्याचे कारण सणापुरते नाही. अलीकडे गावोगावी तरुणांच्या वाढदिवशी तलवारीने केक कापण्याची, तलवारी उंचावून छायाचित्रे काढून ती मोबाइलवर सर्वत्र पाठविण्याची एक लाट आली आहे. पोलिसांनी अशा प्रकरणी गुन्हे नोंदविल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनी नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत धरली आहे. त्यातून घरगुती आणि शेतीच्या कामाची पाती मात्र वगळली आहेत. खंडेनवमीच्या पाटावर विळ्या-कोयत्यास जो मान मिळतो, त्यामागेही कामाचीच प्रतिष्ठा आहे. जी तलवार कोणाच्याही रक्षणासाठी उचललेली नाही, जिने शेतातली एक पेंढीही कापली नाही, तिचे प्रदर्शन म्हणजे त्या तपस्व्याच्या खड्गासारखेच आहे. ते बाळगणाऱ्याचे मन आधी बिघडविते. दुसऱ्याचे नुकसान मागाहून होते.

शस्त्र ठेवून देणे हादेखील वीराचाच धर्म आहे. पांडवांनी अज्ञातवासापूर्वी आपली आयुधे शमीवर बांधून ठेविली, आणि वर्षभर भीमाने विराटाच्या पाकशाळेत आचाऱ्याचे काम केले. ज्या हाताने गदा पेलली, तो हात स्वयंपाकघरात लाजला नाही. नोकरी संपवून परतलेला सैनिकही असाच ट्रंकेत चाकू ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन शेतात जातो. कित्येकदा त्या चाकूने पुढे बैलाचे दावे कापले जाते, नाही तर नातवंडांसाठी पेरू. त्यात त्या पात्याचा कमीपणा मुळीच नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्या घरी अशी सुरी असेल, त्या घराने खंडेनवमीस ती बाहेर काढावी, गंज पुसावा, आणि विळ्या-विळीच्या शेजारी तिला पाटावर ठेवावे; वर नाही, खालीही नाही. ज्यांनी ती बाळगली ते हयात असतील, तर त्यांस पाटाजवळ बसवून मुलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्यावे की ती कोठे होती, तिने काय कापले, आणि परत आलेल्यांत कोण नव्हते. ते नसतील तर घरातील आजीने सांगावे. पूजा झाल्यावर सुरी कापडात गुंडाळून पुन्हा ट्रंकेत जावी. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनास जाताना टोपीत घटाचे कोंब असावेत, हातात आपट्याची पाने असावीत. घरातील मुलास तेवढे शस्त्र पुरे.