बहुमत म्हणजे सारी जनता नव्हे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, एवढा एकच प्रश्न मतपत्रिकेवर होता. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याला ‘जनतेची इच्छा’ म्हटले जाऊ लागले. राहण्याच्या बाजूने मत देणारे १ कोटी ६१ लाख लोक मग जनता नव्हते काय? बहुमतालाच संपूर्ण जनता ठरवण्याची ही चलाखी नीट समजून घेतली पाहिजे.

ज्यांच्या रोजीरोटीवर आणि निवासाच्या हक्कावर या निकालाचा थेट परिणाम होणार होता, त्यांनाच मत नव्हते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सुमारे ३० लाख युरोपीय नागरिकांपैकी आयर्लंड, माल्टा व सायप्रसचे लोक वगळता कोणालाही मतदान करता आले नाही. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. पण इंग्लंडच्या संख्याबळापुढे त्यांचा कौल निरर्थक ठरला.

कष्टकऱ्यांचा राग खरा होता. खाणी आणि कारखाने बंद पडलेल्या उत्तर इंग्लंड व वेल्समधील अनेक गावांनी बाहेर पडण्यासाठी मत दिले. पण २०१० पासून सार्वजनिक खर्चाला कात्री लावली ती लंडनच्या सरकारने, ब्रुसेल्सने नव्हे. प्रस्थापित पुढाऱ्यांनी तो राग अलगद परदेशी मजुराकडे वळवला. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपीय संघाला जातात, ते सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असे बसवर रंगवून देशभर फिरवले. हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असे देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच बजावले होते. परिणाम काय झाला? इंग्लंड-वेल्समध्ये जुलै २०१६ मध्ये वांशिक व धार्मिक द्वेषाचे नोंदवलेले गुन्हे आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक होते. संसदेच्या संमतीशिवाय सरकारला ही प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना एका वृत्तपत्राने पहिल्या पानावर जनतेचे शत्रू ठरवले.

सार्वमत वाईटच असते असे नाही. याच उत्तर आयर्लंडने २२ मे १९९८ रोजी दुसऱ्या प्रकारचे सार्वमत पाहिले. ब्रिटनमध्ये राहू इच्छिणारे, प्रामुख्याने प्रॉटेस्टंट, आणि आयर्लंडशी जोडले जाऊ इच्छिणारे, प्रामुख्याने कॅथलिक, यांच्या तीस वर्षांच्या संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली होती. तेव्हा आधी वाटाघाटी झाल्या, लेखी करार झाला, त्याची प्रत घरोघर पोहोचवली आणि मग मत मागितले. ७१.१ टक्के मतदारांनी होकार दिला. महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही समाजांची संमती आवश्यक केली गेली. केवळ संख्येच्या जोरावर एकाने दुसऱ्यावर राज्य करण्याची वाट बंद झाली.

२०१६ मध्ये मात्र प्रश्न आधी विचारला आणि बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, यावर राज्यकर्ते नंतर भांडत बसले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. या प्रक्रियेत युरोपीय मूलभूत हक्कांची सनदही ब्रिटिश कायद्यातून गेली. मतपेटी कौल देते, संरक्षण देत नाही. ते आधीच लिहून घ्यावे लागते. अल्पसंख्याकांना हमी न देता घेतलेले सार्वमत ही लोकशाही नसून निव्वळ शिरगणती आहे.