शाळेच्या समितीत आपली माणसं हवीत



हुबळीचा दुर्गदबैल समुद्रापासून लांब. तरी तिथल्या बाजारात गाडा लावणाऱ्या मावशीची आणि आपल्या मासळी विकणाऱ्या बायांची अडचण एकच. शाळेची पालकसभा लागते ती ऐन धंद्याच्या वेळी! उठून गेलं तर दिवसाची कमाई बुडते. मग सभेला जातं कोण? ज्यांना सवड आहे ते. आणि ठरवतातही तेच.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की सरकारी शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण निम्म्या महिला. कर्नाटकात हिला एसडीएमसी म्हणतात. शाळेचा निधी कुठे खर्च झाला हे बघणं आणि विकास आराखडा करणं हे तिचंच काम.

आमचं म्हणणं सरळ आहे. सभा बाजार आटोपल्यावर ठेवा. १ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा खलाशी बापांनीही यावं. मुलींचं शौचालय, प्यायचं पाणी, दुपारचं जेवण याबद्दल विचारावं. बाप दर्यावर असताना पोर शाळा बुडवत असेल तर पालकांनी एकमेकांना कळवावं. शाळेजवळचं गटारही सगळ्यांनी मिळून साफ ठेवावं. गटारातलं प्लास्टिक शेवटी आपल्याच जाळ्यात येतं.

सोसायटीच्या निवडणुकीला आपण रांग लावतो. शाळेच्या समितीलाही उभे राहा. बायांनो, तुम्ही आधी!