बँड पथकांच्या हंगामाला भांडवल कोण देणार?

तुळशीचे लग्न लागले की नांदेड आणि लातूरमधील बँड पथकांचा हंगाम सुरू होतो आणि आषाढाच्या तोंडावर संपतो. गणेशोत्सवाचे दिवस वगळले तर पावसाळा रिकामाच. कमाई मोजक्या मुहूर्तांवर, खर्च मात्र बारमाही. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियमची दुरुस्ती, गणवेश, गाडी आणि हंगामापूर्वी वादकांना द्यावयाची उचल. ऊसतोडीच्या मुकादमाप्रमाणे बँडमालकालाही आधी पैसा ओतावा लागतो. तो वसूल होईलच, याची हमी नसते.

या दुरवस्थेचे खापर डीजेवर फोडले जाते. ते अर्धसत्य आहे. डीजेला दोन-चार माणसे पुरतात, पथकाला पंधरा-वीस जणांची मजुरी काढावी लागते, हे खरे. परंतु रात्री दहानंतर वाद्ये वाजविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये घातलेले निर्बंध दोघांनाही लागू आहेत. डीजे हटल्याने पथकाचे भांडवल उभे राहणार नाही.

मराठवाड्यात कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि बँडवाल्याचे दैव एकच. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी लग्ने लांबतात किंवा साधेपणाने उरकतात आणि पहिली कात्री वाजंत्रीलाच लागते. २०२० ची टाळेबंदी तर ऐन लग्नसराईत आली. राज्य शासनाने २०२१ मध्ये ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी पाच हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला. पण अशी मदत व्यक्तीपुरती आणि एकवेळची. त्यातून पथक उभे राहत नाही.

ब्रिटनमधील ग्राइमथॉर्पची कोळसा खाण १९९३ मध्ये बंद पडली, तरी तेथील १९१७ पासूनचे ब्रास बँड पथक प्रायोजकांच्या बळावर टिकले. आश्रयदाता गेला तर दुसरा शोधावा लागतो, हाच त्याचा धडा.

आपल्याकडे हलगी-सनईची परंपरा सांभाळणाऱ्या मातंग समाजातील अनेक जण या व्यवसायात आहेत. या समाजासाठी अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ आहे. पीककर्जाच्या धर्तीवर हंगामापूर्वी कर्ज आणि लग्नसराईनंतर परतफेड, अशी योजना त्याने आखावी. दोन्ही महापालिकांनीही १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थानिक पथकांना रीतसर मानधन देऊन पाचारण करावे. पथकांना सहानुभूती नको, बिनहंगामी काम आणि वेळेवर भांडवल हवे.