फर्दापूरची पायरी

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली आणि १९८३ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान लाभला. ती पाहावयास जगभरातून येणारी माणसे फर्दापुरास उतरतात. तेथे आपले वाहन सोडावयाचे, महामंडळाच्या बसने सुमारे चार किलोमीटर जावयाचे आणि मग पायऱ्या चढावयाच्या. धडधाकट माणसास यात काही वाटत नाही. परंतु जो चाकाच्या खुर्चीवर वा कुबड्यांवर विसंबून आहे, त्याचा अजिंठा पहिल्या पायरीपाशीच संपतो. डोली मिळते, हे खरे. डोलीवाल्यांच्या श्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. पण आपल्या गतीने जावे, मन रमेल तेथे थांबावे, हे स्वातंत्र्य चौघांच्या खांद्यावर बसून मिळत नाही.

पुरातन कातळ फोडून उतार करा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. म्हणूनच फर्दापूरच्या नव्या अभ्यागत केंद्राचे महत्त्व आम्ही विशेष मानतो. जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेल्या या वास्तूत १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. ज्याला पद्मपाणीपर्यंत चढवत नाही, त्याच्यासाठी पद्मपाणीनेच खाली उतरून यावे, अशी ही योजना! आणि दहा वर्षांच्या आतच थकलेल्या देयकांपायी तिचे दार बंद झाले. इतरांची त्यात एक सहल हुकली. दिव्यांगांचा मात्र अजिंठाच हुकला.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे तीस लाख दिव्यांगांची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम २०१७ चे; म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. सुगमता ही आता सरकारची कृपा नव्हे, ते देणे आहे. पाण्याचे वा विजेचे देणे थकले तर जोडणी तोडली जाते; हे देणे थकले तर कोणाचे काय तुटते?

आमची मागणी माफक आहे. हे केंद्र पुन्हा कधी देयकांपायी बंद पडू नये. तेथवर व तेथून पुढे खुर्चीसह चढता येईल अशी बस असावी. आणि कोणत्या लेण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, याचा फलक फर्दापुरातच लावावा. प्रतिकृती म्हणजे मूळ चित्र नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु मूळ चित्रापर्यंतची वाट जेथे कातळाने अडविली आहे, तेथे निदान प्रतिकृतीची वाट तरी माणसाने अडवू नये.