दुष्काळी मजुरी आणि करदात्याचा पैसा

१/ रोजगार हमी असो, रेशनचे धान्य असो वा थेट खात्यात जमा होणारा भत्ता. चर्चा निघाली की दोन प्रश्न हमखास येतात. ‘यातले खरे गरजू किती?’ आणि ‘करदात्याच्या पैशाचे चीज झाले का?’ प्रश्न गैर नाहीत, पण नवेही नाहीत. १८७७ साली दख्खनमध्ये सर रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्याने त्यांची उत्तरे काढली होती. ती उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

२/ विशेष म्हणजे हाच टेम्पल तीन वर्षांपूर्वी उदार होता. १८६६च्या ओरिसातील दुष्काळात सरकार स्वस्थ बसले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. ती नामुष्की ताजी होती. म्हणून १८७३-७४ मध्ये बिहारात पीक बुडताच ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणला गेला. भूकबळी जवळजवळ झालेच नाहीत.

३/ याबद्दल टेम्पलला शाबासकी मिळाली नाही. खर्च सहा कोटी रुपयांच्या पुढे गेला, तांदूळ शिल्लक राहिला आणि उधळपट्टीचा ठपका आला. टीकाकारांचा युक्तिवाद असा: माणसे मेली नाहीत, म्हणजे दुष्काळ एवढा मोठा नव्हताच, म्हणजे पैसा वाया गेला. मदत यशस्वी झाली, हाच ती अनावश्यक असल्याचा पुरावा! असा हिशेब मांडला की कोणतीही मदत तोट्यातच दिसणार. फक्त प्रेतांची संख्या पुरेशी असेल तरच ती ‘योग्य’ ठरणार.

४/ टेम्पलने या टीकेतून धडा घेतला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्याला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठवले, ते काटकसर करण्यासाठी. (त्याच महिन्याच्या १ तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करणारा दरबार थाटात पार पडला होता. गरजेची कसोटी त्या खर्चाला लागू नव्हती.)

५/ टेम्पलने दर ठरवला: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, स्त्रिया व मुलांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी ही मजुरी श्रमाला अपुरी असल्याचे बजावले. तुरुंगात सक्तमजुरी भोगणाऱ्या कैद्याला याहून अधिक अन्न मिळत होते. जोडीला अंतराची कसोटी: गावापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचे नाही. उपाशी माणूस तेवढे चालत आला तरच तो गरजू.

६/ मुंबई इलाख्यात मजुरी घटताच हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांच्या सभेने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला सुनावले की या मजुरीत पोट भरत नाही. सरकारी अर्थ मात्र वेगळा निघाला: लोक काम सोडून गेले, अर्थात त्यांना मदतीची गरज नव्हती! आजही एखाद्या योजनेची लाभार्थीसंख्या रोडावली की ‘बनावट नावे गळाली’ असे समाधान व्यक्त होते. काही नावे बनावट असतीलही. पण कोण गळाले हे तपासल्याशिवाय ते समाधान टेम्पलचेच समाधान आहे.

७/ १८७६-७८च्या दुष्काळात ब्रिटिश मुलखातच ५० लाखांहून अधिक माणसे दगावली. टेम्पल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला.

८/ ही कठोरता एका माणसाच्या स्वभावातून आलेली नव्हती. इंग्लंडच्या १८३४च्या गरीब-कायद्याचे सूत्रच असे होते, की मदतीवर जगणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराहूनही वाईट असावी. म्हणजे आळशी आपोआप दूर राहतील. आळशी किती दूर राहिले, कोण जाणे. अशक्त, म्हातारे आणि लेकुरवाळ्या स्त्रिया नक्की राहिल्या.

९/ याच दख्खनने पुढे वेगळा हिशेब मांडला. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापुरात रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२च्या दुष्काळात खडी आणि सुकडी यांच्या आठवणी घरोघर राहिल्या. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. ती कामे कष्टाचीच होती, त्यांत भ्रष्टाचारही झाला. तरी १८७७ची पुनरावृत्ती झाली नाही. १९७७ साली महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात आणला आणि त्यासाठी शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. करदात्याचा पैसा होता, आणि तो कशासाठी जातो हे उघड सांगितलेले होते.

१०/ २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात अंतराची कसोटी उलटी झाली. काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यायचे. त्यापलीकडे पाठवले, तर मजुराला १० टक्के जादा मजुरी.